चौदा नंबरचं तिसरं बाळंतपण

माकडिणीला पाळी येते, हे मला बी.एस्सी. होऊनही ठाऊक नव्हतं. ते मला काशीनं सांगितलं, तेही हातात खराटा धरून. मी नोकरीला लागून चारच दिवस झाले होते. पिंजऱ्याच्या लादीवर रक्ताचे थेंब दिसले आणि मी जी ओरडत सुटले, "अगं बाई, हिला लागलंय! डॉक्टरांना बोलवा कुणीतरी!" काशीनं शांतपणे बादली ओतली, लादी खसाखसा घासली आणि म्हणाली, "लागलं नाय ताई. पाळी आलीय तिला. मागच्या अमावास्येला आली होती, आता ह्या अमावास्येला. दोन दिसांत थांबेल." नोंद करायला मी पेन उघडलं होतं, ते गुपचूप बंद केलं.

मी पुष्पावती. जव्हारच्या बाजारपेठेत आमचं भांड्यांचं दुकान, आणि घरात सगळ्यांत फटकळ मी. जव्हारहून मोखाड्याकडे जाताना रस्ता सोडून आत डोंगराला आमचं केंद्र आहे. औषधांच्या चाचण्यांसाठी रानातली माकडं पकडावी लागू नयेत, म्हणून लाल तोंडाची माकडं इथंच वाढवायची, असं ते काम. कोणती माकडीण कधी पाळीत, कधी नराकडे सोडली, कधी गाभण, कधी व्याली, हे लिहून ठेवायला मला घेतलं. अकरा वर्षं झाली. लिहिते मी, पण त्यातलं निम्मं सांगते काशी, आणि हे कबूल करायला मला पहिली पाच वर्षं लागली.

काशी सूर्यमाळच्या एका पाड्यावरची. तिची आई रुपी सुईण होती. काशी आश्रमशाळेत चौथीपर्यंत शिकली, पण खरं शिकली ती आईच्या मागं मागं फिरून. कुठल्या बाईचं पोट खाली उतरलंय, कुणाचं पोर आडवं आहे, हे आई हातानं चाचपून सांगायची आणि ही बाजूला उभी राहून बघायची. लग्न झालं, कान्हाबरोबर नागली आणि भात पिकवायला लागली, दोन पोरं झाली. आमच्याकडे आली ती कुंपणाचं गवत कापायला. आठ दिवसांत तिनं तेव्हाच्या डॉक्टरांना सांगितलं, "ती कोपऱ्यातली दोन जिवांची हाय, तिला त्या दांडग्याजवळ ठेवू नका." डॉक्टर हसले. महिन्याभरानं सोनोग्राफी केली तर आत इवलं हृदय टकटक करत होतं. गवत कापायचं काम सुटलं आणि काशी माकडांकडे आली ती आलीच.

तिची गणती चांदावर. माकडीण साडेपाच महिने पोटुशी असते. मी कॅलेंडरवर खुणा करायची, ती बोटांवर चांद मोजायची, आणि आमच्यात फार तर दोन दिवसांचा फरक पडायचा. त्या दोन दिवसांत चूक बहुतेक माझीच निघायची. नराच्या मनात काय आहे, तेही ती मादीच्या तोंडावरून ओळखायची. हिवाळा लागला की माद्यांची तोंडं तांबडी होतात. "आता ह्यांची लगीनसराई," असं म्हणून ती मला वही काढायला लावायची.

बबूनची गोष्ट तर मी कुणाला सांगत नाही, पण इथं सांगते. तीन वर्षांपूर्वी कुठलंसं खाजगी प्राणिसंग्रहालय बंद पडलं, तिथून एक बबूनची जोडी आमच्या गळ्यात आली. आफ्रिकेतलं जनावर, कुत्र्यासारखं लांब तोंड. आठवड्यात मादीचं मागचं अंग सुजून लालभडक झालं, भोपळ्याएवढं. माझे डोळे पांढरे झाले. डॉक्टर तन्मय तेव्हा नवीनच आलेले, ते जेवत होते. त्यांना मी ताटावरून उठवून धावत आणलं. "गाठ आहे डॉक्टर, मोठी गाठ!" काशीनं जन्मात बबून पाहिलेला नव्हता. ती पिंजऱ्यासमोर उभी राहून दोन मिनिटं बघत होती. मग म्हणाली, "खातेय चांगलं. आन् त्यो नर बघा, कसा मागं मागं फिरतोय. आजारी बाईच्या मागं कोण फिरतंय, ताई?" डॉक्टर तन्मय तिच्याकडे बघतच राहिले. बबूनच्या मादीचं अंग दर महिन्याला असंच फुगतं, तिच्या वयात आल्याची आणि तयार असल्याची ती खूण, पंधरवड्यात आपोआप उतरते, हे त्यांना पुस्तकात वाचून माहीत होतं. मला कशातूनच माहीत नव्हतं. डॉक्टरांची आमटी गार झाली, ते अजून मला टोमणा मारतात.

आता चौदा नंबरकडे येते.

चौदा नंबर आमच्याकडेच जन्मली. जन्मून दहा दिवस झाले आणि तिची आई तापानं गेली. काशीनं पिल्लू उचललं, पाठीला झोळीत बांधलं आणि झाडलोट करता करता बाटलीनं दूध पाजून वाढवलं. सहा महिने ते पिल्लू काशीच्या लुगड्याला लोंबकळत होतं. कामावरच्या बाया हसायच्या, "काशे, तुझं तिसरं लेकरू गं!" काशी म्हणायची, "हो, आन् तुमच्यापेक्षा कमी बडबडते." पुढं ती मोठी झाली, पिंजऱ्यात गेली, पण काशी दिसली की जाळीला पाठ लावून बसायची. काशीनं खाजवल्याशिवाय हलायची नाही.

पहिल्यांदा ती व्याली तेव्हा आम्ही सगळे खूष होतो. सकाळी बघतो तर पिल्लू लादीवर गारठून मेलेलं आणि चौदा नंबर वरच्या फळीवर भेदरून बसलेली. आपल्या अंगातून हे काय पडलं, तेच तिला कळलं नव्हतं. दुसऱ्या वेळी तिनं पिल्लाला उलटसुलट ओढलं, त्याच्या बोटाला चावली. आम्ही ते काढून बाटलीवर ठेवलं. नवव्या दिवशी गेलं. काशी त्या दिवशी जेवली नाही.

तिसऱ्या खेपेला ती गाभण राहिली तेव्हा डॉक्टर तन्मयनी मला बोलावून सांगितलं, "पुष्पाताई, लिहून ठेवा. या वेळी पिल्लू जन्मलं की लगेच उचलायचं. आणि चौदा नंबरला आता प्रजननात ठेवायचं नाही. ती शहरातल्या संस्थेत जाईल, चाचण्यांसाठी." माणूस वाईट नाही. पिंजरे मोजके, वरून विचारणा, आणि जी आई होत नाही ती मादी इथं ठेवायची कशाला, हा साधा हिशेब. पण हे काशीला सांगायचं माझ्या वाट्याला आलं. मी सांगितलं तेव्हा ती केळ्याची सालं गोळा करत होती, ती करतच राहिली. मग हळूच म्हणाली, "तिकडं सुया टोचतात ना?" मी म्हटलं, "हो."

त्याच सुमारास काशीच्या सुनेला, हर्षदाला, मोखाड्याच्या दवाखान्यात मुलगी झाली. काशी आठ दिवस रजेवर गेली. नवव्या दिवशी सकाळी जीपमधून उतरली ती पिशवी खांद्याला तशीच, चहाही न घेता, सरळ बाळंतिणींच्या पिंजऱ्यांकडे गेली आणि तिथली पोती फाडायला लागली.

ही पोती काय, ते सांगायला हवं. मी लागले त्याच वर्षी एक माकडीण व्याली होती, आणि रखवालदार, ड्रायव्हर, पाणीवाला, जो तो येऊन बघत उभा. काशी भडकली. "बाळंतीण हाय ती! आडोसा नको का तिला?" त्यांच्या पाड्यावर काय, आमच्या जव्हारात काय, बाळंतिणीला सव्वा महिना आडोशाला ठेवायचं, तिला नजर लागू द्यायची नाही, विसावा द्यायचा, ही रीत. काशीनं पोती आणली आणि पिंजऱ्याच्या चारी बाजूंनी बांधली. माकडीण शांत झाली, अंगावर पाजायला लागली. तेव्हाच्या डॉक्टरांनी काशीची पाठ थोपटली. मी तर उत्साहानं सूचनाच टाइप करून भिंतीला लावली: व्यालेल्या मादीचा पिंजरा सव्वा महिना पोत्यानं झाकावा. मधल्या भिंती विटांच्या होत्याच. अकरा वर्षं आम्ही ती रीत एकदाही मोडली नाही.

आणि आता तीच काशी ती पोती फाडत होती. मी धावत गेले. "अगं काशे, वेड लागलं का तुला? आत मामी बाळंतीण आहे, आठच दिवसांचं पिल्लू आहे!" मामी म्हणजे आमची सगळ्यांत जुनी माकडीण, रानातून आलेली. तिची सहा पिल्लं सुखरूप वाढली होती.

काशी वळली. तिचे डोळे लाल होते. "ताई, माझी मोठी नात चार वर्षांची. हर्षदा पोरीला पाजायला बसली की ही तिच्या पुढ्यात बसून बघते. परवा तिनं मक्याचं कणीस फडक्यात गुंडाळलं, आन् छातीला लावून बसली. मला म्हणते, आजी गप, बाळ पितंय. तिला कुणी शिकवलं? बघून शिकली ती. मी माझ्या आईचं बघून शिकले. आन् ह्या पोरींना मी काय दाखवलं? पोतं. चौदीनं जन्मात कधी पिल्लू पिताना पाहिलं नाय. तिनं बाटली पाहिली आन् माझा हात पाहिला. ती कशी घेईल पिल्लू? तिची चूक नाय ती. माझी हाय."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. पोती तिनं बांधली होती, पण नियम तर मीच लावला होता. मी ऑफिसात गेले आणि जुन्या वह्या काढल्या. दुपारपर्यंत मला दिसलं ते असं: रानातून आलेल्या माद्यांनी जवळजवळ सगळी पिल्लं वाढवली होती. इथं जन्मलेल्या माद्यांनी पहिल्या बाळंतपणात अकरांपैकी सात टाकली होती. अकरा वर्षं हे माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, आणि मी दरवेळी पान उलटत होते. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, ते हेच असावं.

वह्या घेऊन मी काशीबरोबर डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर तन्मयनी आकडे दोनदा वाचले. मग विचारलं, "काशीबाई, ही पोती तुम्हीच बांधायला लावलीत ना?"

"मीच," काशी म्हणाली. "म्हणून मीच सोडते. मला कामावरनं काढायचं तर काढा, डॉक्टर. पण चौदीला मामीच्या शेजारी ठेवा. मधली भीत पाडून जाळी लावा. तिला महिनाभर बघू द्या. मंग तुमचं काय ते करा."

मला वाटलं डॉक्टर चिडतील. ते उठले, खिडकीपाशी गेले आणि परत आले. "विलग वाढलेल्या माद्या आई होत नाहीत, हे मी कॉलेजात शिकलोय हो. परीक्षेत लिहिलंयसुद्धा. आणि रोज या पोत्यांसमोरून जातोय." मग म्हणाले, "ठीक आहे. पण एक अट. जन्मल्यापासून दोन तास मी थांबेन. दोन तासांत पिल्लू छातीला लागलं नाही, तर मी उचलणार. आणि मग चौदा नंबर जाईल. पुन्हा विषय नाही." काशीनं मान हलवली.

भिंत पाडायला आमचा भास्कर, रखवालदार, तयार झाला. आधी गवंडी होता तो. मामी आणि चौदा नंबरला चार दिवस दुसरीकडे हलवलं, भिंतीच्या जागी जाळी लागली आणि दोघी शेजारणी झाल्या.

पहिला आठवडा चौदा नंबर जाळीकडे फिरकलीच नाही. फळीवर बसून दाणे फेकायची. मी काशीला म्हटलं, "बाई गं, ही तर ढुंकूनही बघत नाही." ती म्हणाली, "बघतेय. कान बघा तिचे." खरंच, पिल्लू किंचाळलं की हिचे कान मागं जायचे. दुसऱ्या आठवड्यात ती खाली उतरली. मामीचं पिल्लू पिताना ही जाळीला नाक लावून बसायची. मग एकदा तिनं बोट आत घालून पिल्लाची शेपटी धरली. मामी गुरगुरली, पण हलली नाही. पुढं तर मामी जाळीला पाठ लावायची आणि चौदा नंबर तिच्या केसांतून उवा वेचायची, नजर मात्र पिल्लावर. काशी लांब बसून चांद मोजत होती. स्वतः मधे पडली नाही. चौदा नंबर पाठ खाजवून घ्यायला आली की म्हणायची, "माझ्याकडे काय बघतेस? तिकडं बघ!"

माकडिणी बहुतेक रात्रीच्या बाळंत होतात. हिनं सकाळ धरली. वैशाखातले दिवस. तिकडं सूर्यमाळला काशीच्या पाड्यावर पाण्यासाठी दोन मैल चालायचं, आणि ही पहाटेच हंडे भरून, पहिली जीप धरून आली होती. येताच म्हणाली, "डॉक्टरांना सांगा. काल सांजच्याला खाल्लं नाय हिनं." चौदा नंबर उकिडवी बसत होती, उठत होती, हात मागं नेऊन चाटत होती. साडेनऊला पिल्लू लादीवर आलं. ओलं, काळं, मुठीएवढं.

डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. हातात टॉवेल, पायाशी गरम पाण्याची पिशवी आणि बाटली तयार.

चौदा नंबरनं पिल्लाला हुंगलं. वार खाल्ली. आणि मग, जळलं मेलं, उठून फळीवर गेली! पिल्लू खाली एकटं, हातपाय हवेत मारतंय. मी मनात जव्हारच्या सगळ्या देवांना हाका मारल्या, आणि ज्यांना कधी नारळ फोडला नाही त्यांनाही. दहा वाजले. साडेदहा. पिल्लाचा आवाज बारीक होत चालला. डॉक्टर म्हणाले, "काशीबाई, ते गार पडतंय."

"दोन तास म्हणालात," काशी म्हणाली. ती जाळीपासून चार हात लांब जमिनीवर बसली होती. दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते, चुकून पुढं जायला नकोत म्हणून.

पावणेअकराला शेजारी मामीचं पिल्लू घसरलं आणि ओरडलं. मामीनं एका हातानं त्याला पोटाशी ओढलं. चौदा नंबरनं ते पाहिलं. मग तिनं खाली पाहिलं. फळीवरून उतरली, पिल्लाजवळ बसली आणि त्याला उचललं, पण उलटं! डोकं खाली, ढुंगण वर. डॉक्टर पुढं सरकले. काशी नुसती "अं हं" म्हणाली. पिल्लानं आईच्या केसांना मुठी घातल्या आणि स्वतःच सरपटत वळलं, आणि चौदा नंबरनं, आमच्या त्या वेड्या चौदीनं, मामीसारखाच हात त्याच्या पाठीला लावला आणि पोटाशी दाबलं. अकराला दहा कमी असताना ते चुरूचुरू प्यायला लागलं. डॉक्टरांनी टॉवेल खाली ठेवला. मी मोठ्यानं रडले. मला लाज वाटली नाही.

"ही कुठं जात नाही," डॉक्टर काशीला म्हणाले. "आणि ती पोती जाळून टाका."

काशी उठली. डब्यातून केळं काढलं, नेहमीसारखं सोललं आणि जाळीपाशी गेली. "ये गं माझी बाय," म्हणून हात पुढं केला. सात वर्षं हा हात दिसला की चौदा नंबर धावत यायची. आज तिनं पिल्लाला घट्ट धरलं, तोंड उघडून दात विचकले आणि जाळीवर झेप घेऊन काशीच्या बोटांवर एवढ्या जोरानं पंजा मारला की केळं लांब जाऊन पडलं.

मी दचकून ओरडले. "अगं, लागलं का? मेलीला एवढं वाढवलं आणि तुझ्यावरच धावली!"

काशी हात चोळत मागं सरकली. ती हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. "धावू दे ताई," ती म्हणाली. "आजवर मला आई समजत होती, म्हणून धावली नाय."

पिल्लू चालायला लागेपर्यंत ती त्या पिंजऱ्याला हात लावायला गेली नाही. खाणं कामावरच्या योगिताला द्यायला सांगितलं, आणि रोज सकाळी जीपमधून उतरली की आधी लांबूनच उभी राहून बघायची.